खेळाचे शहर कोणते?

गेल्या नाताळात आमच्या ओसरीवर एक वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही. धान मळून घरात आले होते, मंडईचे दिवस सरले होते, पाहुण्यांना परतण्याची घाई नव्हती. अशा निवांतपणी वादाला विषय सापडण्यास कितीसा वेळ लागणार? मुंबईस राहणारे आमचे मेव्हणे हातातील वर्तमानपत्र खाली ठेवीत म्हणाले, “काही म्हणा भाऊजी, साऱ्या देशात खेळाचे शहर म्हणावे असे एकच, आणि ते म्हणजे आमची मुंबई!” आता मेव्हण्यांनी विधान करावे आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य करावे, हे सोयरिकीच्या शास्त्रात बसत नाही. आम्ही तत्काळ कंबर कसली.

मेव्हण्यांची बाजू लंगडी होती असे मात्र कोणी समजू नये. रणजी करंडक मुंबईने २०२४ पर्यंत ४२ वेळा जिंकला. त्यातही १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने १५ वर्षे तो करंडक मुंबईबाहेर गेलाच नाही. शिवाजी पार्कच्या मातीत रमाकांत आचरेकरांनी घडविलेली दोन शाळकरी पोरे, सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी, यांनी १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभंग भागी केली, ही कथा तर त्यांनी जणू स्वतः पंच म्हणून उभे होते अशा थाटात सांगितली. त्यावर, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकी संघातील गोलरक्षक लिओ पिंटो हादेखील मुंबईचाच, हे आम्हां ख्रिस्ती मंडळींस मुद्दाम ऐकविण्यास ते विसरले नाहीत.

आमच्या भात्यातही बाण होते. आम्ही विचारले, “ज्या वानखेडे मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषक जिंकला म्हणून आपण मिरविता, त्या मैदानाला नाव कोणाचे?” शेषराव वानखेडे हे नागपूरचे. ब्रेबोर्न मैदानाच्या मालकांशी तिकिटांवरून व बसण्याच्या जागांवरून बिनसले, तेव्हा त्यांनी हट्टाने दुसरे मैदान उभे करविले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झालाही. हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचे, म्हणजे १९३२ साली लॉर्ड्सवर झालेल्या सामन्याचे, कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्मही नागपूरचाच, १८९५ सालचा. पुढे त्यांनी इंदूरच्या होळकर संघाचे नेतृत्व केले आणि त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा पटकाविला. म्हणजे मुंबईच्या तोंडचा घास पळविणारे शिकविले कोणी, तर आमच्याकडच्या माणसांनी!

“आणि तुम्हांस कोणी शिकविले?” मेव्हणे शांतपणे म्हणाले. “विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ साली रणजी जिंकला, मध्यप्रदेशाने २०२२ च्या जूनमध्ये जिंकला, तोही आम्हांलाच हरवून. या तिन्ही वेळी शिक्षक कोण होता? चंद्रकांत पंडित. मुंबईचा!”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

पण याच ठिकाणी आमच्या चिरंजीवांनी एक असा प्रश्न टाकला की वादाचा रोखच बदलला. चिरंजीव बालाघाटास महाविद्यालयात शिकतात. ते म्हणाले, “बाबा, तुम्ही ‘आमच्याकडचे’ म्हणता ते नेमके कोणाकडचे? विदर्भाचे की मध्यप्रदेशाचे?” वाचकहो, किरनापुरात राहणाऱ्या मराठी माणसास हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी आमची व नागपूरची राजधानी एकच होती, कारण नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी नागपूर पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. भाषा तीच राहिली, सोयरिकी त्याच राहिल्या, गोंदियाचा बाजारही तोच राहिला. मात्र शाळेचा दाखला व संघाचा झेंडा बदलला. २०२४ च्या मार्चमध्ये रणजीच्या उपांत्य फेरीत नागपूरच्या मैदानावर विदर्भ व मध्यप्रदेश समोरासमोर आले, त्या दिवसांत आमच्या एका घरात दोन पक्ष पडले होते. आम्ही विदर्भाकडे, चिरंजीव मध्यप्रदेशाकडे. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. त्या रात्री चिरंजीव आमच्याशी बोलले नाहीत. पुढे अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भास हरविले, तेव्हा चिरंजीवांच्या मुद्रेवर जे समाधान आम्ही पाहिले ते ख्रिस्ती वृत्तीस शोभणारे नव्हते. दुसऱ्याच वर्षी विदर्भाने नागपुरास उपांत्य सामन्यात मुंबईस नमविले आणि करंडकही नेला, तेव्हा आमच्या मुद्रेवर काय होते हे आम्ही सांगणार नाही.

असो. आमचे मावसभाऊ कोल्हापुरास एका ओतकाम-कारखान्यात वीस वर्षे होते. ते इतका वेळ गप्प बसले होते. गप्प बसणाऱ्या माणसाचा मुद्दा बहुधा जड असतो. ते म्हणाले, “तुम्ही सारे करंडक मोजता. मी मैदान सांगतो.” आणि त्यांनी खासबागेचे वर्णन केले. शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि १९१२ साली त्यांनी कुस्तीसाठी कोल्हापुरात हे मैदान पुरे केले. खोलात लाल मातीचा हौद आणि भोवताली चढत जाणारी बैठक, जेणेकरून शेवटच्या शेतकऱ्यासही डाव दिसावा. कोल्हापूरचा फुटबॉलही त्यांनी सांगितला. तेथील फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल दत्तक घेतला! पेठेपेठेत चुरस, शाहू मैदानावर सामना असला की दुकानदाराचे चित्त गल्ल्यावर नसते. त्या गावी ‘कोण जिंकले?’ असे कोणी विचारीत नाही, ‘आपण जिंकलो का?’ असे विचारतात, हे त्यांचे वाक्य आम्हांस फार आवडले.

मग त्यांनी खाशाबा जाधवांचे नाव काढले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी त्यास लंडनला पाठविले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. मावसभाऊ एवढेच म्हणाले, “मास्तर घर गहाण ठेवतो ते खेळाचे शहर.” ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही.

त्याच सुमारास आमच्या येथे फराळास आलेले एक गोवेकर फादर चहाचा पेला ठेवून हळूच म्हणाले की, फुटबॉलचे म्हणाल तर १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो शिवोलीस आणला आणि तेव्हापासून गोव्यात चर्चच्या बाजूस मैदान नाही असा गाव शोधावा लागतो. कोणाचा सण असो वा नसो, सायंकाळी चेंडू असतोच. फादरांस घाई होती, म्हणून गोव्याची बाजू तेथेच राहिली; नाही तर आम्हां सर्वांचीच अडचण झाली असती.

थोरले बंधू (आम्ही त्यांना दादा म्हणतो, मुले मोठे बाबा म्हणतात) रेल्वेत होते. बिलासपूर, राजनांदगाव, राउरकेला अशी त्यांची नोकरी झाली. दादांना क्रिकेटचा तिटकारा. ते म्हणाले, “तुमची शहरे तुम्हांस लखलाभ. मी खेड्यांचे सांगतो.” ओरिसाचा सुंदरगड जिल्हा आणि झारखंडचा सिमडेगा, ही त्यांची काशी. तेथे गावोगाव हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघास बक्षीस म्हणून खस्सी, म्हणजे बोकड मिळतो. करंडक कपाटात ठेवता येतो. बोकड सर्व गावाने मिळून खावा लागतो, म्हणून तेथे खेळ साऱ्या गावाचा असतो, असा दादांचा सिद्धान्त आहे. १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील मायकेल किंडो सिमडेग्याकडचे, दिलीप तिर्की सुंदरगडच्या सौनामारा गावचे, आणि भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली सलीमा टेटे सिमडेग्याच्या बडकीछापर गावची. तिने प्रारंभी बांबूच्या काठीने हॉकी खेळली. आपल्या जवळचेच पाहावयाचे, तर राजनांदगावास हॉकीची नर्सरीच म्हणतात. तेथील रेणुका यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेली. आणि चार ऑलिंपिकांत तीन सुवर्ण व एक रौप्य मिळविणारा लेस्ली क्लॉडियस जन्मला कोठे? बिलासपुरास, म्हणजे त्या काळच्या मध्यप्रांतातच.

सिमडेग्याच्या मुलीचे नाव निघाले तेव्हा दाराशी उभी असलेली आमची धाकटी कन्या किंचित पुढे सरकली. आम्ही ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

वाद आणखी पसरला. कोणी कलकत्त्याचे नाव घेतले. १९११ साली मोहन बागानच्या खेळाडूंनी, बहुतेक अनवाणी पायांनी, गोऱ्या पलटणीस हरविले, ते खरेच. परंतु १९८० च्या १६ ऑगस्टला त्याच शहरात फुटबॉलच्या सामन्यातील दंगलीत १६ प्रेक्षकांचे प्राण गेले, हेही खरे, आणि अशा प्रेमास काय म्हणावे ते आम्हांस कळत नाही. चिरंजीवांनी मेलबर्नचे सांगितले, की तेथे घोड्यांच्या शर्यतीसाठी सरकारी सुटी असते व एका मैदानात लाखभर माणूस बसतो. माणसे बसण्याचेच म्हणाल तर अहमदाबादेस त्याहून मोठे मैदान आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी आपला संघ हरू लागला तेव्हा तेथे जी शांतता पसरली, ती आम्ही दूरचित्रवाणीवर ऐकली आहे. उलट अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तेथील मंडळींनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखविले. त्या शहराचे नाव या वादात कोणी घेत नाही, म्हणून आम्ही घेतले. कोणी ऐकले नाही.

इतक्यात सौभाग्यवती आतून आल्या. त्यांच्या हातात पापडाचे ताट होते. पण त्या ते ठेवण्यासाठी आल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “एवढी शहरे मोजलीत, त्यांतले कोणते शहर आपल्या मुलीला झोपायला खाट आणि जेवायला ताट देईल, ते सांगा. बाकीचे मला ऐकायचे नाही.”

आता येथे थोडे मागे जाणे भाग आहे. आमची कन्या आठवीत आहे. शाळेत एक तरुण शिक्षक आले, त्यांनी मुलींच्या हाती हॉकीच्या काठ्या दिल्या. काठ्या पाच, मुली चौदा. मैदान म्हणावे तर अर्धे. अर्ध्यात बांधकामाची खडी पडलेली. तरीही पोरगी चेंडूमागे अशी धावे की, बाजारातून परतणारी माणसे सायकली थांबवून पाहत. त्या शिक्षकांनी सौभाग्यवतींना सांगितले होते की, ग्वाल्हेरीस राज्याची महिला हॉकी अकादमी आहे, २००६ पासून, निवडीची चाचणी होते, मुलीस पाठवावे. राजनांदगावची ती रेणुका तेथेच शिकली. हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही विषय टाळीत होतो. सगळ्या हिंदुस्थानच्या क्रीडांगणांवर वाद घालणारा गृहस्थ आपल्या घरच्या प्रश्नावर तोंड उघडीत नव्हता, ही गोष्ट सौभाग्यवतींच्या लक्षात आल्याविना कशी राहील?

आमच्या टाळाटाळीचे कारण लोकांचे बोलणे हे होते, असे आम्ही स्वतःस सांगत असू. ‘पोरीला एवढ्या लांब ठेवता?’ असे विचारणारे आहेतच. परंतु खरे कारण वेगळे होते. आम्ही सोळा वर्षांचे असताना मंडईतील कबड्डीचे सामने पाहून एका संघाच्या मंडळींनी आम्हांस नागपुरास बोलाविले होते. राहण्याची सोय त्यांची, भाडे आमचे. आमच्या वडिलांनी धानाच्या बांधीकडे बोट दाखविले आणि विचारले, “रोवणी कोण करील?” त्या प्रश्नास उत्तर नव्हते, कारण करणारे खरोखर कोणी नव्हते. वडिलांविषयी आमच्या मनात कधीही राग आला नाही. परंतु त्या रात्री सौभाग्यवतींनी ताट हाती धरून तो प्रश्न विचारला, तेव्हा आमच्या ओठांवर वडिलांचेच शब्द आले होते, आणि या वेळी रोवणीचे कारणही नव्हते. रोवणीस आता मजूर मिळतात. आम्ही फक्त भीत होतो.

मावसभावांनी आमची सुटका केली. ते म्हणाले, “कोल्हापूरचे सांगतो म्हणून रागावू नका. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा स्वप्निल कुसाळे आमच्या कांबळवाडीचा. पण त्याच्या बापाने त्याला २००९ सालीच घराबाहेर काढून महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. पोरगा कोल्हापूरचा खरा. पण घरी ठेवला असता तर कोल्हापूरचाच राहिला असता.” अभिमानी माणसाने आपल्याच शहराविरुद्ध दिलेली साक्ष आम्ही प्रथमच ऐकली.

मेव्हणे म्हणाले, मुलीस मुंबईस पाठवा, घर आपलेच आहे. त्यांच्या दोन खोल्यांत पाच माणसे राहतात. तरीही ते मनापासून म्हणाले. दादा म्हणाले, राजनांदगावास पाठवा, जवळ आहे, आमच्या जुन्या सोबत्यांची घरे आहेत. चिरंजीव म्हणाले, ग्वाल्हेर. आपण मध्यप्रदेशाचे आहोत, तिचा तेथे हक्क आहे, कोणाच्या घरी पाहुणी म्हणून राहण्याचे कारण नाही. झेंड्याचा वाद आम्ही खेळाचा समजत होतो, तो मुलाने या कामी आणला, आणि प्रथमच आम्हांस तो पटला.

ग्वाल्हेरविषयी दादांनी एक गोष्ट सांगितली, ती येथे नमूद करतो, कारण मेव्हण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरांनी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक केले, ते ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर. हे रूपसिंग कोण? मेजर ध्यानचंदांचे धाकटे बंधू. जन्म आमच्या जबलपूरचा. १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकी संघांत खेळलेले. १९३२ साली अमेरिकेवर २४ गोल झाले, त्यांत दहा एकट्या रूपसिंगांचे. म्हणजे मुंबईच्या पुत्राचा सर्वांत मोठा पराक्रम झाला, तो एका हॉकीपटूच्या नावाच्या अंगणात! मेव्हणे म्हणाले, “बरे, ग्वाल्हेरही यादीत घालू.” यादीच्या कोणत्या क्रमांकावर, ते त्यांनी सांगितले नाही.

चाचणीस आम्ही स्वतः घेऊन गेलो. तेथे शंभरावर मुली होत्या. काहींच्या पायांत उत्तम बूट, काहींच्या पायांत आमच्या कन्येसारखे कोणाचे तरी मागून आणलेले. तिचे बूट एक बोट मोठे होते, पुढे कापूस भरला होता. धावताना डावा बूट निघाला. तिने मागे वळून पाहिले नाही, एका बुटाने शेवटपर्यंत धावली. आम्ही कुंपणाशी उभे होतो. शेजारी एक आदिवासी गृहस्थ आपल्या मुलीसाठी आले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे पाहिले, दोघांनीही काही म्हटले नाही. परततांना बसमध्ये कन्या झोपली. बूट तिच्या मांडीवर होते, उद्या परत करावयाचे होते.

निकाल आला आहे. ती पहिल्या फेरीतून निवडली गेली. पुढची फेरी ग्वाल्हेरीस आहे आणि तेथे काही दिवस ठेवून घेऊन पाहतात, असे कळले. मेव्हण्यांनी मुंबईहून नवे बूट पाठविले, आत चिठ्ठी होती: “मुंबईकडून.” दादांनी राजनांदगावच्या एका जुन्या खेळाडूकडून काठी मिळवून दिली. मावसभावांनी कोल्हापुरी गुळाची ढेप धाडली, तिचा हॉकीशी काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. शहरांचा वाद मात्र तसाच आहे; परवा दूरध्वनीवर मेव्हण्यांशी पुन्हा अर्धा तास झाला.

काल रात्री सौभाग्यवती पत्र्याची पेटी भरीत होत्या. आम्ही कन्येस जवळ बोलावून ग्वाल्हेरची सारी माहिती दिली: मैदान कसे असते, कृत्रिम गवतावर पाणी का मारतात, रूपसिंग कोण होते. तिने सर्व नीट ऐकून घेतले. मग विचारले, “बाबा, तिकडे रोज पोळीच असते का? भात मिळतो की नाही?”

आमच्यापाशी याचे उत्तर नव्हते. सौभाग्यवती उठल्या, कोठीतून चिन्नोरचे तांदूळ काढले. त्याच आमच्या बालाघाटच्या चिन्नोरचे, ज्यास २०२१ साली सरकारकडून भौगोलिक मानांकन मिळाले. पाच किलो मोजले आणि पेटीच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, नीट बसविले.